‘लोहयुक्त’ पावडरचा डबा आणि कमी हिमोग्लोबिन : कोपरखैरण्यातील एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आहे : कोपरखैरण्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका आईचा साडेसात वर्षांचा मुलगा सकाळी आणि रात्री चॉकलेटच्या चवीची माल्ट पावडर घातलेले दूध पितो. शाळेच्या डब्यात बहुतेक दिवस ब्रेड-जॅम आणि आठवड्यातून एकदा-दोनदा इन्स्टंट नूडल्स असतात. मधल्या सुट्टीसाठी फळांच्या रसाचा छोटा खोका असतो, आणि संध्याकाळी क्रीमची चार बिस्किटे किंवा ‘मल्टिग्रेन’ असे लिहिलेला चिप्सचा पुडा. रात्रीचे जेवण तो अर्धे टाकतो, म्हणून झोपताना दूध दिले जाते. शाळेतील तपासणीत त्याचे वजन वयाच्या मानाने अधिक आणि हिमोग्लोबिन १०.६ आढळले. आईने पावडरच्या डब्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवून विचारले आहे की, ज्यावर लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे ठळक अक्षरांत लिहिली आहेत तो डबा दोन वर्षे रोज देऊनही रक्त कमी कसे, आणि हल्ली ज्याची इतकी चर्चा होते ते अतिप्रक्रियायुक्त अन्न खरोखरच एवढे वाईट असते का.

ताई, वजन जास्त आणि रक्त कमी ही जोडी तुम्हाला विसंगत वाटते, परंतु नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात गेल्या २२ वर्षांत मी ती इतक्या वेळा पाहिली आहे की, आता एक आकडा समोर आला की मी दुसराही विचारते. ५ ते ११ वर्षे वयाच्या मुलांमध्ये हिमोग्लोबिन ११.५ पेक्षा कमी असेल तर त्यास रक्तक्षय म्हणतात, आणि १०.६ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार मध्यम रक्तक्षयात मोडतो. ‘थोडेसे कमी आहे, खाण्याने भरून निघेल’ असे म्हणून तो सोडून देण्यासारखा नाही. लोहाचे औषध किती द्यायचे, जंताचे औषध लागेल का, आणखी काही तपासणी करायची का, हे बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा. आहारातील बदल त्या उपचाराच्या जोडीने करायचे आहेत, त्याच्या ऐवजी नव्हे. माझे पुढचे उत्तर उरलेल्या प्रश्नापुरते आहे : पोटात भरपूर, किंबहुना गरजेपेक्षा जास्त अन्न जात असताना मुलाला लोह का मिळाले नाही?

त्याचे कारण असे की, पावडरच्या त्या डब्याने मुलाला जे दिले त्याहून जास्त त्याच्या ताटातून काढून घेतले.

तुमच्याच छायाचित्रावरून हिशेब करू. डब्यावर १०० ग्रॅममागे १५ मिलिग्रॅम लोह लिहिले आहे आणि एका वेळेचे प्रमाण २० ग्रॅम सांगितले आहे. म्हणजे एका पेल्यातून ३ आणि दोन पेल्यांतून ६ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला रोज १५ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. कागदावर पाहिले तर ६ हा आकडा वाईट नाही. परंतु हे लोह मुलाच्या पोटात जाते ते दुधाबरोबर, आणि दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. चॉकलेटच्या चवीसाठी घातलेल्या कोकोमधील काही घटकही तेच करतात. त्यामुळे डब्यावरचे लोह आणि रक्तापर्यंत पोहोचणारे लोह यांत मोठे अंतर पडते. याहून महत्त्वाची बाब तुमच्या पत्रातील एका ओळीत आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात : ‘रात्रीचे जेवण अर्धे टाकतो, म्हणून झोपताना दूध देते.’ संध्याकाळी सहाला बिस्किटे किंवा चिप्स खाल्ल्यावर आठला त्याला भूक नसते. जेवण टाकले तरी साडेनऊला गोड दूध मिळणार आहे, हे त्याला ठाऊक असते. जी डाळ, जी पालेभाजी, जो मासळीचा तुकडा त्याने टाकला, त्यातच त्याचे लोह होते.

आता साखरेकडे पाहू. डब्यावर १०० ग्रॅममागे ३४ ग्रॅम वेगळी घातलेली साखर लिहिली आहे, म्हणजे दोन पेल्यांतून सुमारे १४ ग्रॅम. क्रीमच्या चार बिस्किटांतून साधारण १५ ग्रॅम. जॅमच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरेचा असतो, त्यामुळे दोन पावांवर पसरलेल्या २० ग्रॅम जॅममधून १३ ग्रॅम. रसाच्या २०० मिलिलिटरच्या खोक्यातून सुमारे २५ ग्रॅम. एकूण ६७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे सोळा-सतरा चमचे. या वयाच्या मुलाची ऊर्जेची गरज दिवसाला सुमारे १,७०० किलोकॅलरी धरली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अशी साखर ४२ ग्रॅमच्या आत असावी आणि शक्यतो २१ ग्रॅमच्या आसपास ठेवावी. तुम्ही त्याला एकही चमचा साखर वरून घातली नाही, मिठाई दिली नाही, शीतपेय दिले नाही, आणि तरीही त्याच्या पोटात मर्यादेच्या दीडपट साखर गेली. यात तुमचा निष्काळजीपणा नाही. यातील प्रत्येक वस्तू तुम्हाला मुलाच्या नाश्त्याची, डब्याची किंवा पोषणाची म्हणून विकली गेली, चैनीची म्हणून नव्हे.

अतिप्रक्रियायुक्त हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचा नेमका अर्थ सांगणे आवश्यक आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची ‘नोवा’ नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात चार गट आहेत. पहिल्या गटात मूळ स्वरूपातील किंवा जेमतेम प्रक्रिया केलेले अन्न येते : तांदूळ, डाळी, भाज्या, दूध, अंडी, मासे, गिरणीतून दळून आणलेले पीठ. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, गूळ, मीठ यांसारखे स्वयंपाकाचे घटक येतात. पहिल्या गटातील अन्नाला दुसऱ्यातील घटक लावून केलेले साधे टिकाऊ पदार्थ, जसे लोणचे, पनीर, खारवलेली मासळी, हा तिसरा गट. चौथा गट या तिन्हींहून वेगळ्या जातीचा आहे. त्यात धान्य, तेलबिया, दूध यांचे कारखान्यात घटक सुटे केले जातात, म्हणजे स्टार्च, प्रथिने, स्निग्धांश आणि साखरा वेगवेगळ्या काढल्या जातात. मग ते घटक पुन्हा एकत्र करून, रंग, वास, चव आणि पोत बाहेरून देऊन एक नवा पदार्थ घडवला जातो. चिप्ससारखे अनेक फुलवलेले पदार्थ मका-तांदळाचा भरडा उष्णता आणि दाबाखाली यंत्राच्या तोंडातून ढकलून तयार होतात; बाहेर पडताना तो फुगतो आणि मूळ दाण्याची रचना पूर्णपणे मोडलेली असते.

पुड्यावर हे ओळखण्यासाठी रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. घटकांची यादी वाचा आणि त्यातील कोणत्या वस्तू आपल्या फडताळात किंवा वाण्याच्या यादीत कधीच नसतात ते पाहा : माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, हायड्रोजनीकृत किंवा इंटरएस्टरीकृत वनस्पतिजन्य स्निग्धांश, सोया प्रोटीन आयसोलेट, ‘निसर्गसदृश स्वाद’. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पहिले तीन घटक वाचले तरी बरेचसे कळते. माल्टोडेक्स्ट्रिनविषयी एक गोष्ट विशेषत्वाने सांगते. तो स्टार्चपासून काढलेला पदार्थ असल्यामुळे पोषणतक्त्यात साखरेच्या रकान्यात मोजला जात नाही, परंतु रक्तातील साखर मात्र झपाट्याने वाढवतो. म्हणून ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेल्या पुड्यावरही त्याचे नाव शोधावे. याउलट, आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात मिसळलेल्या पूरक पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, पाहून घाबरण्याचे कारण नाही. ३३० म्हणजे लिंबात असते तेच सायट्रिक आम्ल, ५०० म्हणजे खाण्याचा सोडा, ३२२ म्हणजे सोयाबीनमधील लेसिथिन. काही पायसीकारकांविषयी, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांविषयी, मात्र खरी शंका आहे : ४६६ आणि ४३३ या क्रमांकांचे पदार्थ दिल्यावर उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंचे संतुलन बिघडते आणि सूज वाढते, असे २०१५ मधील एका प्रयोगात दिसले. माणसांवरील काम सुरू आहे. माझ्या मते हे क्रमांक स्वतः विष असोत वा नसोत, ते ज्या पदार्थांत आढळतात त्या पदार्थांची जात सांगतात, आणि पालकांना तेवढा उपयोग पुरेसा आहे.

येथे हमखास विचारला जाणारा प्रश्न वडापावचा असतो. स्टेशनबाहेरचा वडा डोळ्यांदेखत बटाटा, बेसन आणि तेलातून तयार होतो. कारखान्यातला पाव सोडला तर नोवाच्या दृष्टीने तो चौथ्या गटात येत नाही. म्हणून तो रोज खावा असा याचा अर्थ होत नाही, कारण तळण, मीठ आणि मैदा यांचे दुष्परिणाम आपापल्या जागी आहेतच. नोवा वर्गवारी अन्नाचा एकच पैलू मोजते. तिच्यात घरचे गुलाबजाम चौथ्या गटाबाहेर राहतात आणि गव्हाचा पाकीटबंद ब्रेड आत येतो. दोन्हींबद्दल निर्णय घेताना स्वतःची समज वापरावीच लागते. तज्ज्ञांनी या वर्गवारीवर घेतलेला हा आक्षेप मला रास्त वाटतो. युरोपातील मोठ्या अभ्यासांतही चौथ्या गटातील सर्व पदार्थ सारखेच अपायकारक ठरलेले नाहीत : गोड पेये आणि प्रक्रिया केलेले मांस यांचा संबंध आजारांशी सर्वांत स्पष्ट दिसतो, तर ब्रेडसारख्या काही पदार्थांचा तसा दिसत नाही. म्हणूनच तुमच्या यादीत मी सर्वांत आधी रसाच्या खोक्यावर बोट ठेवणार आहे, ब्रेडवर नाही.

मग हे अन्न खरोखर किती वाईट? फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका व्यापक आढाव्यात सुमारे ९९ लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, आणि असे अन्न जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार, टाइप २ मधुमेह, लठ्ठपणा, चिंता आणि नैराश्य यांसह ३२ प्रकारच्या आरोग्यसमस्यांशी संबंध आढळला. मात्र अशा अभ्यासांत लोक काय खातात आणि पुढे त्यांना काय होते एवढेच पाहिले जाते. असे अन्न जास्त खाणारे लोक उत्पन्नाने, झोपेने, व्यायामानेही वेगळे असू शकतात. म्हणून मी स्वतः जास्त वजन देते ते २०१९ मधील केव्हिन हॉल यांच्या प्रयोगाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना चार आठवडे तेथेच ठेवून घेतले गेले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न, पोट भरेल तेवढे. दोन्ही आहारांत समोर ठेवलेल्या अन्नातील ऊर्जा, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ जाणीवपूर्वक जुळवलेले होते. तरीही अतिप्रक्रियायुक्त आहारावर लोकांनी दिवसाला सरासरी सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास ९०० ग्रॅमने वाढले. साध्या आहारावर तेवढेच कमी झाले. हा प्रयोग लहान आहे, अल्पकाळाचा आहे आणि मोठ्यांवरचा आहे. पण रोजच्या अनुभवाशी तो तंतोतंत जुळतो.

लोक जास्त का खातात, याचे एक उत्तर त्याच प्रयोगात दिसले : ते जास्त वेगाने खातात. ज्वारीची भाकरी चावावी लागते, शेंगदाणे चावावे लागतात, पेरूची फोड खायला वेळ लागतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे जातात, आणि तोवर चिप्सचा पुडा संपलेला असतो. तुमच्या मुलाला चिप्स हातात दिल्यापासून पुडा रिकामा होईपर्यंत किती वेळ लागतो, आणि मूठभर फुटाणे-शेंगदाणे संपायला किती लागतो, हे एकदा घड्याळ लावून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी हे करायला सांगते आणि कोणत्याही तक्त्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

आता ज्या भागाविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे त्याकडे येते, तो म्हणजे विक्रीची रीत. भारताच्या आर्थिक पाहणी अहवालात दिलेल्या आकड्यांनुसार देशात अशा अन्नाचा खप २००६ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलर होता, तो २०१९ मध्ये ३,७९० कोटी डॉलरच्या पुढे गेला. चव बदलली म्हणून केवळ तेरा वर्षांत असे घडत नाही. तुमच्या सेक्टरमधील कोणत्याही दुकानासमोर उभ्या राहा. ५ आणि १० रुपयांच्या पुड्यांच्या माळा नेमक्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकत असतात. किंमत तीच राहावी म्हणून आतले वजन घटवले जाते, कारण मुलाच्या हातात येणारे नाणे ठरलेले असते. स्टेशनवरच्या मोठ्या फलकांवर क्रिकेटपटू असतात, आणि मोबाइलवरून दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर तुम्ही दूध आणि कोथिंबीर मागवत असताना ‘यासोबत हेही घ्या’ म्हणून क्रीमची बिस्किटे समोर येतात. सायंकाळी साडेसातला ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून उतरून, पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन घराकडे चालणाऱ्या आईला नेमके काय हवे आहे, याचा अभ्यास त्या कंपन्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईने केलेला आहे. तिला वेळ हवा असतो, आणि आपण मुलासाठी काहीतरी चांगले केले असा दिलासा हवा असतो. पुड्याची पुढची बाजू तिला या दोन्ही गोष्टी देऊ करते.

त्या पुढच्या बाजूवरचे शब्द किती टिकाऊ असतात, हे गेल्या दोन वर्षांत दिसले आहे. ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दांची व्याख्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, हे स्पष्ट झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या वर्गातून काढण्यास सांगितले. आपल्या आईच्या पिढीपासून जे पेय ‘हेल्थ’च्या नावाने घरात आले, त्या नावाला कायद्याचा आधारच नव्हता. जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पाणी घालून पूर्ववत केलेल्या फळरसांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला होता. जुलाब झालेल्या बाळाला औषध समजून पालक ती गोड पेये पाजत होते. खऱ्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि या पेयांमध्ये साखर त्याच्या कित्येक पटींनी होती. जास्त साखरेने जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. हे तिन्ही शब्द मागे घेतले गेले ते लोकांनी विचारणा केल्यावर. तोवर ते वर्षानुवर्षे पुड्यांवर होते.

‘मल्टिग्रेन’, ‘नाचणीयुक्त’, ‘नो मैदा’ हे आजचे शब्द आहेत. पुढच्या बाजूवर ज्या घटकाची जाहिरात केली आहे त्याचे प्रमाण घटकांच्या यादीत टक्क्यांत द्यावे लागते. ते शोधून वाचा. नाचणीचे चित्र मोठे आणि नाचणी शेकडा पाच-सात, असे मी स्वतः अनेक पुड्यांवर पाहिले आहे. प्रथिनांच्या नावाने येणाऱ्या वड्या आणि चिप्स यांनाही हीच कसोटी लावावी.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगायला हवी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका कंपनीचा प्रतिनिधी माझ्या दवाखान्यात येत असे. त्याने वाढीच्या आलेखाचा सुंदर तक्ता भिंतीवर लावायला दिला, ज्याच्या खालच्या कोपऱ्यात त्या पावडरचा डबा छापलेला होता, आणि नमुन्याची पाकिटे फुकट दिली. न जेवणाऱ्या मुलांच्या आयांना मी ती पाकिटे देत असे. तो तक्ता जवळजवळ चार वर्षे माझ्या भिंतीवर होता. एक आजी आपल्या नातीला घेऊन तिसऱ्यांदा आल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही सांगितलेली पावडर चालू आहे, पण आता ती पावडरीशिवाय दूध पीत नाही आणि दुधाशिवाय दुसरे काही खात नाही.’ मुलीचे हिमोग्लोबिन आधीपेक्षा कमी झाले होते. त्या दिवशी मी तक्ता उतरवला, परंतु ज्यांना पाकिटे दिली त्या सगळ्यांपर्यंत मला पोहोचता आले नाही. त्यामुळे आज कोणी आई मला डब्याचे छायाचित्र दाखवते तेव्हा तिला बोल लावण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांचा विश्वास विक्रीसाठी कसा वापरला जातो, हे मी आतून पाहिले आहे.

कायद्याची स्थिती संमिश्र आहे. दोन वर्षांखालील बाळांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ मधील दुरुस्तीने बंद आहे. जगातील कडक कायद्यांत त्याची गणना होते. परंतु मूल दोन वर्षांचे झाले की ती भिंत संपते. शाळेच्या आवारात आणि त्यापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, स्निग्धांश असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील किती शाळांच्या फाटकासमोर तो पाळला जातो, हे तुम्ही उद्या सकाळीच पाहू शकाल. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तो नियम लेखी मांडता येतो आणि तसा मांडल्यावर उपाहारगृहाची यादी बदलल्याचे मी दोन शाळांत पाहिले आहे. पुड्याच्या दर्शनी भागावर ठळक इशारा छापण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. चिलीने २०१६ मध्ये काळ्या अष्टकोनी इशाऱ्यांची सक्ती केली, जाहिरातींवर बंधने आणली, आणि त्यानंतर तेथील घरांतील जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडेही ट्रान्स फॅट या हृदयाला अपायकारक स्निग्धांशाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली, आणि कारखान्यांनी ती स्वीकारली. सक्ती केली तर बदल होतो, एवढे यावरून नक्की दिसते. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मधील वस्तू व सेवा कराच्या फेरबदलात बिस्किटे, चॉकलेट आणि इन्स्टंट नूडल्स ५ टक्क्यांच्या टप्प्यात आल्या, म्हणजे नेमक्या याच वस्तू स्वस्त झाल्या. मला हा निर्णय मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने चुकीचा वाटतो.

तुमच्या घरापुरते काय करायचे ते आता सांगते, आणि सगळे एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात केवळ रसाचा खोका बंद करा आणि त्याच्या जागी पाण्याची बाटली व एक फळ द्या; पेरू, मोसंबी, केळे, जे हंगामात असेल ते. साखरेचा सर्वांत मोठा हिस्सा एवढ्यानेच जातो. दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीचे दूध बंद करून ते संध्याकाळी शाळेतून आल्यावर द्या, आणि पावडर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. मुले चवीतील इतका बदल सहन करतात, एकदम बंद केल्यास दूधच सोडतात. कॅल्शियमची काळजी वाटत असेल तर नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी, आंबील किंवा घावन केले तरी मोठी मदत होते. तुमच्याकडे मासळी चालत असेल तर दिवाळे कोळीवाड्यातून किंवा जवळच्या बाजारातून जवळा आणा. कांद्यावर परतलेला जवळा ही पावडरच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि जास्त पोषक गोष्ट आहे.

लोहासाठी जेवणाची जुळणी महत्त्वाची आहे. पोह्यांवर लिंबू पिळा, उसळीबरोबर टोमॅटो किंवा आवळा द्या, पालेभाजी लोखंडी कढईत करा, आणि जेवणानंतर तासभर दूध किंवा चहा देऊ नका. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका. मुलालाही लहान लाडू देता येतो. पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या बाजूला आदिवासी भगिनी टाकळा, भारंगी, करटुली घेऊन बसतात. त्यांतली एखादी भाजी आठवड्यातून एकदा तरी आणा.

संध्याकाळची सहाची वेळ सर्वांत अवघड आहे, कारण त्या वेळी तुम्ही घरी नसता आणि मूल सासूबाईंकडे असते. आजीला नातवाला ‘नाही’ म्हणणे जमत नाही, आणि जमावे अशी अपेक्षाही करू नये. त्याऐवजी घरात बिस्किटे आणि चिप्स यांचा साठाच ठेवू नका, आणि रविवारी एका डब्यात चुरमुरे, फुटाणे व शेंगदाणे, दुसऱ्यात राजगिऱ्याचे लाडू भरून ठेवा. भाजणी घरात असेल तर थालीपीठ पंधरा मिनिटांत होते, आणि सासूबाईंचा हात तुमच्यापेक्षा जलद चालत असेल. त्यांना हा बदल मुलाच्या रक्ताचा अहवाल दाखवून समजावून सांगा. ‘तुम्ही खाऊ देता म्हणून’ असे वाक्य त्यात येऊ देऊ नका. डब्यातील ब्रेड सध्या राहू द्या, मात्र जॅमऐवजी उकडलेले अंडे, पनीर किंवा शेंगदाण्याची चटणी घाला. नूडल्स महिन्यातून एक-दोनदा, सुट्टीच्या दिवशी, भाज्या आणि अंडे घालून सर्वांनी एकत्र बसून खाव्यात. वाढदिवसाला मित्रांकडे तो जे खाईल ते खाऊ द्या, आणि घरी आल्यावर त्याची चौकशी करू नका. ज्या पदार्थावर घरात भांडण होते, त्याची ओढ मुलांना जास्त लागते.

पहिले दहा-बारा दिवस तो चिडेल, जेवण टाकेल, आणि तुम्हाला रात्रीचे दूध द्यावेसे वाटेल. त्या रात्री दूध देऊ नका. फार तर टाकलेली पोळी-भाजीच अर्ध्या तासाने पुन्हा समोर ठेवा. बहुतेक मुले दुसऱ्या आठवड्यात रात्री भुकेने जेवू लागतात. वजनाविषयी त्याच्यासमोर बोलू नका आणि त्याला वजन कमी करण्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. त्याची उंची वाढत आहे, त्यामुळे वजन आहे तेथे स्थिर राहिले तरी पुरेसे आहे. डॉक्टरांनी सांगितलेले लोहाचे औषध रक्त सुधारल्यावरही ते सांगतील तितके दिवस चालू ठेवा. एक महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा, कारण औषध लागू पडत असेल तर तेवढ्यात साधारण एक अंकाने वाढ दिसते. ती दिसली नाही तर आहाराला दोष देत न बसता डॉक्टरांकडे पुन्हा जा. तो अहवाल आणि आठ दिवस मुलाने काय खाल्ले याची साधी नोंद, टाकलेल्या अन्नासह, घेऊन मला भेटा.